सपाट ओहोटी

केतकीने लॅपटॉप अनुराधाच्या टेबलावर ठेवला आणि चूक कबूल करायला आल्यासारखी म्हणाली, "मॅम, बहुतेक माझ्या कोडमध्ये बग आहे. मुरगवण्याच्या खाडीत ओहोटी अर्ध्यात थांबतेय."

अनुराधाने चष्मा वर सारला. पडद्यावर भरती-ओहोटीची रेघ होती. चढणारी, उतरणारी, पुन्हा चढणारी. संध्याकाळची ओहोटी नीट गोल वळण घेऊन वर येत होती. पहाटेची मात्र उतरता उतरता एकाएकी आडवी झाली होती, कुणी पट्टी धरून तिचं पोट कापावं तशी. अडीच-तीन तास पाणी एकाच पातळीवर आणि मग पुन्हा भरती.

"किती आहे ती पातळी?"

"पॉइंट एट फोर मीटर. उधाणाच्या दिवसांत रोज पहाटे तेवढीच. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, काही नाही, सगळं नॉर्मल. मी फ्रिक्शन बदलून पाहिलं, टाइमस्टेप कमी केला, हलतच नाही."

अनुराधाचा हात टेबलाच्या कडेवर होता तिथेच राहिला. हा आकडा तिने आधी पाहिला होता. अकरा वर्षांपूर्वी, एका लांबट रजिस्टरच्या पानांवर, निळ्या शाईत, एकाखाली एक, पाच-सहा वेळा. त्यावर तिनेच लाल पेनाने उभी रेघ ओढली होती.

"बग नाहीये," ती म्हणाली. "पाण्याची खोली कुठली घेतलीस?"

"नव्या सर्व्हेतली, गेल्या वर्षीची. आधीच्या मॉडेलला जुना नकाशा होता ना, चाळीस वर्षांपूर्वीचा. त्यात खाडीच्या तोंडाशी तीन मीटर पाणी आहे. आता तिथे वाळूचा दांडा आहे, पार या काठापासून त्या काठापर्यंत. त्याची उंची..." केतकीने फाइल उघडली आणि थांबली. "पॉइंट एट. अच्छा. म्हणजे बाहेरचा समुद्र त्याच्याखाली उतरला की आतलं पाणी तिथेच अडकतं. बशीत राहिल्यासारखं." तिचा चेहरा उजळला. "मॅम, हा तर पेपर आहे. फक्त प्रत्यक्ष मोजलेलं काहीतरी हवं पडताळायला. आहेत का आपल्याकडे तिथली रीडिंग्ज?"

"होती," अनुराधा म्हणाली.

केतकी गेल्यावर तिने मुरगवण्याची जुनी फाइल उघडली. संस्था हैदराबादला, समुद्रापासून तीनशे किलोमीटर आत. नव्या रिक्षावाल्याला पत्ता सांगितला की तो हमखास विचारायचा, "समुंदर का दफ्तर इधर कायकू, मॅडम?" तिचं उत्तर ठरलेलं असे: समुद्र मोजायला समुद्राकाठी बसायची गरज नसते. पाण्याचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाला त्याची खोली द्यायची, बाहेरच्या कडेला चंद्रसूर्याच्या ओढीने येणारी भरती लावायची आणि पुढचं गणिताला करू द्यायचं. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी बजावायची, की खोली चुकली तरी उत्तर सुबकच येतं, म्हणून सुबक उत्तरावर विश्वास ठेवू नका. हे वाक्य तिने गेल्या अकरा वर्षांत किती जणांना ऐकवलं असेल.

त्या वर्षी मुरगवण्याच्या जेट्टीवरचं नोंदीचं यंत्र बंद पडलं होतं. भरतीचं गणित जुळवायला निदान एका चांद्रमासाची मोजमापं लागतात. म्हणून जेट्टीच्या खांबाला आकडे रंगवलेली पट्टी ठोकून तिथे माणूस बसवायचं ठरलं. संस्थेतले तंत्रज्ञ धम्मानंद सोनकांबळे यांना पाठवलं, कारण त्यांना मराठी येत होती. मूळचे नांदेडकडचे, हैदराबादेत काचीगुड्याला राहणारे, कमी बोलणारे. वेळापत्रक अनुराधाने आखलं होतं: दर अर्ध्या तासाला एक नोंद, सलग तीस दिवस.

सोनकांबळे रजिस्टर घेऊन परतले तेव्हा वाळले होते आणि डोळे आत गेले होते. अनुराधाने आकडे मॉडेलवर ठेवून पाहिले. दिवसाचे सगळे जुळत होते, अगदी बोटभर इकडे-तिकडे. उधाणाच्या दिवसांतली पहाट मात्र जुळत नव्हती. मॉडेल पाणी एक फुटाच्याही खाली नेत होतं आणि रजिस्टर म्हणत होतं, चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी. सलग तेच तेच आकडे दिसले की नोंद संशयित धरायची, असा नियमच होता. शिवाय वेळ साडेतीन ते सहा. माणूस झोपतो ती.

आढावा बैठकीला नऊ जण होते. सोनकांबळे दाराजवळच्या खुर्चीवर. अनुराधा तेव्हा पस्तिशीची, नुकतीच बढती मिळालेली. तिने आलेख दाखवला आणि हिंदीत म्हणाली, "समुंदर नहीं सोता. पढ़ने वाला सोता है." सगळे हसले. विभागप्रमुख लक्ष्मणराव तर चहाचा कप खाली ठेवून हसले. सोनकांबळ्यांना विचारलं, काही म्हणायचं आहे का? त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. ते गप्प राहिले, आणि तिला वाटलं, गप्प राहिला म्हणजे कबूलच झालं. तिने शेरा लिहिला: नोंदी बनावट, वापरू नयेत. पुढच्या महिन्यात सोनकांबळ्यांची क्षेत्रकामातून स्टोअरला बदली झाली. त्यानंतर अकरा वर्षं ती त्यांच्याच सहीने कागदाची रिमं आणि प्रिंटरची शाई घेत आली होती.

आता तिला जे टोचत होतं ती निव्वळ चूक नव्हती. चूक कुणाचीही होते. त्याच्या दोन वर्षं आधी अभिजीतने गोव्याहून असेच विचित्र आकडे पाठवले होते. अभिजीत पुण्याचा, तिच्याच कॉलेजातला. तेव्हा तिने लगेच फोन उचलून विचारलं होतं, "अरे, काय झालंय तिकडे?" तेव्हा यंत्राच्या नळीत शिंपले बसल्याचं कळलं होतं आणि दोघं हसले होते. सोनकांबळ्यांना तिने फोन केला नव्हता. ते याच इमारतीत, खालच्या मजल्यावर होते. ती दोन जिने उतरून गेली नव्हती. असं का, हा प्रश्न तिने स्वतःला आजपर्यंत विचारलाच नव्हता, आणि आता विचारल्यावर त्याचं उत्तर तिला ताबडतोब आलं. ते कुणाला मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ती स्टोअरमध्ये गेली. सोनकांबळे खोक्यांवर नंबर घालत होते. समोर हिशेब विभागातले दोघं उभे.

"सोनकांबळे, ते मुरगवण्याचं रजिस्टर कुठे असेल?"

त्यांचा हात थांबला, पण त्यांनी वर पाहिलं नाही. "रद्दीत गेलं, मॅडम. तीन-चार वर्षं झाली. वापरायचं नाही असं लिहिलेलं होतं ना वर. मग ठेवणार कशाला?"

"त्याची कच्ची वही वगैरे?"

"हाय घरी." आणि थोड्या वेळाने, "कशाला लागली आता?"

हिशेब विभागातले दोघं ऐकत होते. तिथेच सांगता आलं असतं. तीन वाक्यांचं काम होतं. "जुना डेटा गोळा करतोय आम्ही," ती म्हणाली.

"सोमवारी आणून देतो."

"नको, मी येते घरी. रविवारी. चालेल?"

त्यांनी आता वर पाहिलं. अकरा वर्षांत ऑफिसातलं कुणी वरचं माणूस त्यांच्या घरी गेलं नसावं. "या," ते म्हणाले. बोलावण्याचा सूर त्यात नव्हता. हुकूम मानल्यासारखा होता.

काचीगुड्याला स्टेशनामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. दार मुलीने उघडलं. गीता, सिकंदराबादला बँकेत लागलेली, पंचविशीची. "या ना, मॅम. पप्पा, ऑफिसच्या मॅम आल्यात. मम्मी, चाय ठेव." आतून कुकरची शिट्टी आली आणि गाडीची घोषणाही, खिडकीतून, तीन भाषांत.

सोनकांबळे धुतलेला शर्ट घालून बसले होते. त्यांच्या पत्नी, मनकर्णाबाई, स्वयंपाकघराच्या दारात येऊन नमस्कार करून परत आत गेल्या. कोठी भागातल्या एका दवाखान्यात त्या आया होत्या, आठवड्यातून चार रात्रपाळ्या. एवढं अनुराधाला ऑफिसात कधीतरी कळलं होतं.

वही टीपॉयवर काढून ठेवलेली होती. शाळेची दोनशे पानी, खाऱ्या हवेने फुगलेली. अनुराधाने ती उघडली. दिवसाचे आकडे सोनकांबळ्यांच्या हातचे, इंग्रजी, टोकदार, रजिस्टरात होते तसेच. मग रात्री अकरानंतर अक्षर बदलत होतं. गोल, जपून काढलेले मराठी अंक. ०.८६. ०.८५. ०.८४. ०.८४. ०.८४.

गीता चहा ठेवता ठेवता वाकली. "हा आठ आहे की सहा? मम्मी, तुझे हे मराठी नंबर मला कधी समजतच नाहीत. सीधं इंग्लिशमध्ये लिहायचं ना."

"गीता," सोनकांबळे म्हणाले, "आत जा, बिस्किटं आण."

"आणलीयत ना, पप्पा."

"आत जा म्हणलं."

ती गेली. सोनकांबळ्यांनी वहीच्या उघड्या पानावर तळवा ठेवला. राग त्यात नव्हता. जेवणाच्या ताटावर माशी बसू नये म्हणून हात धरावा तसा धरला. "मॅडम, मार्चात मी रिटायर होतोय. जे झालं ते होऊन गेलं. आता ह्याच्यावरून आणखीन काही नक्को."

"हे वहिनींनी लिहिलंय?"

ते गप्प बसले. अकरा वर्षांपूर्वीचं गप्प बसणं हेच होतं, हे अनुराधाला तेव्हा उमगलं. बाहेरच्या माणसाकडून नोंदी करून घेतल्या, रजिस्टरवर सही आपली केली, हे सांगितलं असतं तर नोकरीवरच आलं असतं. मान हलवून नाही म्हणण्याखेरीज त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"मी चौकशीला आले नाहीये," ती म्हणाली. मनात पाठ केलेलं सगळं ती विसरली होती. "आकडे बरोबर आहेत. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. माझ्या मॉडेलमध्ये तो नव्हता. नवीन खोली घातल्यावर आमच्याकडे हेच आकडे येतात."

सोनकांबळ्यांचा तळवा पानावरच होता. "सगळे?"

"सगळे."

"पहाटेचे बी?"

"पहाटेचेच."

त्यांनी हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. त्यांना आनंद व्हायला हवा होता, निदान राग तरी यायला हवा होता. त्यांच्या चेहऱ्यावर आलं ते वेगळंच होतं. अनुराधाने ते ओळखलं, कारण शुक्रवारपासून आरशात ती तेच पाहत होती.

"मनकर्णा," त्यांनी हाक मारली. "इकडं ये जरा."

मनकर्णाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. त्यांनी ऐकलं होतं, हे त्यांच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

"मॅडम म्हणतात, आकडे खरे होते."

"हौ. ऐकलं."

सोनकांबळे अनुराधाकडे वळले. "मी बी हिला तेच म्हणलो होतो, मॅडम. तुमची मीटिंग झाली त्या दिवशी घरी आलो अन् हिला म्हणलो, तू झोपलीस. झोपलीस अन् वरचा आकडा खाली उतरवलास. ती म्हणली, नाही झोपले. एकदाच म्हणली. मंग पुन्हा कधी त्या गोष्टीवर बोलली नाही." ते थांबले. "अन् मला तेच खरं वाटलं. तुम्ही शिकलेल्या. तुमच्या मशीनमधून आलं ते खरं असणार. मी हिचं खरं धरलं नाही."

खोलीत पंखा फिरत होता. अनुराधाला वाटलं होतं, आपण एका माणसाचं नाव खराब केलं. ते कुठवर गेलं याचा हिशेब तिने लावलाच नव्हता. एका वाक्यावर नऊ जण हसले आणि ते वाक्य या घरात येऊन नवरा-बायकोच्या मध्ये अकरा वर्षं बसून राहिलं.

"तुम्ही का गेला होतात तिकडे?" तिने मनकर्णाबाईंना विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"मी कशाला जाते? ह्यांचा फोन आला आठव्या दिवशी. ताप होता, उभं राहवत नव्हतं. दुसरा माणूस देतो म्हणले होते ऑफिसवाले, दिला नाही. गीताला बहिणीकडं ठेवलं अन् गेले." त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. "तुम्ही कागद केला होता म्हणे. अर्ध्या घंट्याला एक आकडा. दिवसाचे अठ्ठेचाळीस. तीस दिवस. एक माणूस. एवढं गणित करता तुम्ही, एवढं एक नाही केलं? तो झोपणार कवा?"

मदतनीसाची ओळ मंजुरीतून कापली गेली होती, त्या कागदाची प्रत तिच्याकडेही आली होती. तिने ती फाइलला लावली होती.

"नाही केलं," ती म्हणाली.

"मी दिवसा झोपायचे. रात्रीचं मी बघायचे. बॅटरी घेऊन खालच्या पायरीवर जायचं. लाट वर येती, खाली जाती. दोन्ही बघायचं अन् मधला आकडा धरायचा. ह्यांनी शिकवलं तसं. दोनदा बघायचं. पहाटं पाणी हलेना तर मलाच भ्या वाटलं, मीच चुकले का म्हणून. पट्टीवर खिळ्यानं रेघ मारली, अन् बसले बघत. घंटाभर रेघ अन् पाणी जागच्या जागी." त्यांचा आवाज चढला नव्हता. "उजाडल्यावर दिसायचं की. खाडीच्या तोंडाला बगळे चालत जायचे. ह्या अंगानं त्या अंगाला. उडत नाही, चालत. मी ह्यांना म्हणलं, तिथं पाणी नाही, बगळे चालतात. बोलले होते का नाही?"

"बोलली होती," सोनकांबळे म्हणाले.

"तुम्ही बघितली का ती खाडी?" मनकर्णाबाईंनी अनुराधाला विचारलं.

"नाही."

"अजून बी नाही?"

"नाही."

मनकर्णाबाईंनी मान हलवली. त्यात टोमणाही नव्हता. दवाखान्यात रोग्याचं नाव-गाव विचारून कागदावर लिहून घेतात, तसं त्यांनी ते मनात लिहून घेतलं.

"माझं चुकलं," अनुराधा म्हणाली. "तुमच्या बाबतीत आणि यांच्या बाबतीतही. मी माफी मागायला आलेय."

मग सोनकांबळेच म्हणाले, तिच्याकडे न पाहता, "घरात येऊन सांगितलंत, चांगलं केलंत. पण तवा तुम्ही घरात नव्हतं म्हणलं, सगळ्यांसमोर म्हणलं."

चहा गार झाला होता. तिने तो तसाच पिऊन टाकला, कारण कप भरलेला ठेवून उठणं आज जास्त वाईट दिसलं असतं. वही त्यांनी स्वतःच पिशवीत घालून दिली. मनकर्णाबाई आत गेल्या त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत. जिना उतरताना वरून गीताचा आवाज आला, "काय झालं? कुणी सांगाल का मला?"

सोमवारी सकाळी अनुराधाने टिपण लिहिलं. जुना शेरा रद्द करावा. मुरगवण्याच्या नोंदी अचूक असल्याचं नव्या मॉडेलवरून सिद्ध झालं आहे. चूक मॉडेलमधल्या खोलीची होती आणि ते मॉडेल तिचं होतं. बैठकीतल्या सगळ्यांना प्रत. जे बदलून किंवा निवृत्त होऊन गेले त्यांचेही पत्ते तिने शोधून काढले. शेवटी 'निरीक्षक' असा रकाना होता. तिथे तिने ध. भि. सोनकांबळे एवढंच टंकलं. मार्चला पाच महिने उरले होते. मनकर्णाबाईंचं नाव लिहिलं तर सोनकांबळ्यांच्या नोकरीवर येईल, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण ते सोयीचंही होतं, आणि हे तिला टंकतानाच कळत होतं.

लक्ष्मणरावांनी टिपण दोनदा वाचलं. पुढच्या वर्षी तेही निवृत्त व्हायचे होते. "चांगलं आहे," ते त्यांच्या तेलुगू वळणाच्या हिंदीत म्हणाले. "पण एवढं सगळं कशाला? नऊ लोकांना प्रती? पेपरमध्ये एक ओळ घाला, संपलं."

"मी त्यांना सगळ्यांसमोर झोपलेले म्हटलं होतं, सर."

"कधी? मला नाही आठवत."

"तुम्ही हसला होतात."

"मी?" त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "असेन. मी हसतोच." त्यांनी बेल वाजवून सोनकांबळ्यांना वर बोलावलं, आणि ते येईपर्यंत खुल्या मनाने म्हणाले, "बरं वाटेल त्याला. जाता जाता."

सोनकांबळे आले. लक्ष्मणरावांनी उठून त्यांचा हात हातात घेतला, टिपण पुढे केलं, बसा म्हणाले. सोनकांबळे बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी कागद वाचला, हळूहळू, प्रत्येक ओळ. अनुराधाला त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं ते कुठे आले आहेत. शेरा रद्द. चूक मॉडेलची. ते मॉडेल तिचं. नऊ नावं. मग डोळे खाली 'निरीक्षक' या रकान्यावर गेले आणि तिथेच राहिले.

"सर," ते म्हणाले, "वो रीडिंगां मेरे नहीं हैं."

लक्ष्मणरावांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "क्या?"

"दिन के मेरे हैं. रात के मेरी घरवाली के हैं. जिसपे सब हसे, वो सब उसके हैं. मैं सोया हुआ था. मेरे को बुखार था." त्यांनी कागद टेबलावर ठेवला, सरळ करून. "दस्तखत मैंने किया."

लक्ष्मणरावांनी अनुराधाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, आणि ती खाली घातली म्हणजे तिला माहीत होतं, हे त्यांना समजलं.

"सोनकांबळे," ते सावकाश म्हणाले, "तू हे बोलला नाहीस, मी ऐकलं नाही. असं करू या का? मार्चपर्यंत पाच महिने आहेत. हे कागदावर आलं तर मला लेखी खुलासा मागावा लागेल. पेन्शनचं काम लांबेल."

"मांगो सर. देता मैं."

"कशासाठी पण? अकरा वर्षांनी?"

सोनकांबळ्यांनी टेबलावरचा कागद पुन्हा सरळ केला. ते काचीगुड्याच्या त्या खोलीत घडलेलं इथे सांगणार नव्हते, आणि सांगण्यासारखं ते नव्हतंच.

"मलाही मागा, सर," अनुराधा म्हणाली. "खुलासा."

"कशाबद्दल?"

"खोली तपासली नव्हती. यांना विचारलं नव्हतं. एका माणसाला तीस दिवस जागायला लावलं."

लक्ष्मणरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते वाईट माणूस नव्हते; त्यांना खरंच मदत करायची होती. "त्याला नियम नाही, अनुराधा," ते म्हणाले. "मॉडेल चुकणं नियमात कुठे बसतं? दुसऱ्याकडून रीडिंग घेऊन स्वतः सही करणं बसतं. मी तुला काय म्हणून मेमो देऊ?"

तसं खरंच काही नव्हतं. सोनकांबळ्यांना मेमो मिळणार होता आणि तिला पेपर. ती खुर्चीतून उठली, टिपण स्वतःकडे ओढलं, पेन काढलं आणि छापलेल्या रकान्यापुढे जागा किती आहे ते पाहिलं. एक ओळ मावत होती.

"वहिनींचं पूर्ण नाव सांगा," ती मराठीत म्हणाली.

"मनकर्णा धम्मानंद सोनकांबळे."

तिने लिहिलं. लक्ष्मणराव खिडकीकडे पाहत होते.

"वेळ बी लिहा, मॅडम," सोनकांबळे म्हणाले. "नावापुढं. रात्री अकरा ते सकाळी सात. दहाव्या दिवसापासून तिसाव्यापर्यंत. नऊ दिवस माझेच होते."

तिने तेही लिहिलं, अंक नीट वाचता येतील असे काढून. सोनकांबळे तिच्या खांद्यामागे उभे राहून शेवटच्या आकड्यापर्यंत वाचत होते, आणि तिला वर पाहण्याचं धैर्य झालं नाही.